दार बंद केलं, चुलीचं काय?

 दुपारची भांडीकुंडी आवरून बसला असाल, कुणी शेतातून आल्या असाल, कुणी गटाची बैठक भरवून रेडिओ मधे ठेवला असेल. आज जरा मागची गोष्ट सांगणार आहे. खूप मागची, तरी आपल्या घरापर्यंत येणारी.

२४ मार्च २०२० ची रात्र आठवा. आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि रात्री बारापासून देश बंद झाला. चार तासांची मुदत. ज्यांच्या घरात कणगी भरलेली होती, त्यांनी दार लावून घेतलं. ज्यांची चूल रोजच्या रोजावर पेटते, त्यांच्या मनात एकच प्रश्न आला. रोग दाराबाहेर राहील हो, पण घरात खायचं काय?

हा प्रश्न २०२० साली पहिल्यांदा पडला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपल्याच मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी तो पडला होता. तेव्हा कोण चुकलं, कुणी वाट दाखवली आणि त्यातून आपण काय घ्यायचं, एवढंच आज बोलू.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या मांडवीत. तिथं धान्याची मोठमोठी कोठारं होती, बंदर जवळ होतं, आणि उंदरांची तर चंगळ होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगस तिथला एक रोगी तपासायला गेले. जांघेत गाठ, अंगात फणफणून ताप. त्यांनी ओळखलं, हा प्लेग आहे. आपल्या आज्या त्याला गाठीचा ताप म्हणायच्या.

त्या वेळी मुंबई गिरण्यांची झाली होती. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुणे-नगरकडचा माणूस गिरणीत राबत होता. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसं. पगार महिन्यानं, आणि महिना संपल्यावरही आणखी काही आठवडे मालकाकडे अडकलेला. म्हणजे कामगारानं सोडून जाऊ नये म्हणून त्याचेच पैसे अडकवून ठेवायचे.

प्लेग पसरला तशी पालिकेनं माणसं उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात न्यायला सुरुवात केली. हेच आजचं कस्तुरबा रुग्णालय, जिथं २०२० साली मुंबईतले पहिले कोरोना रोगी ठेवले होते. नेलेला माणूस परत येत नाही, असं लोक पाहत होते. रोगी उशिरा पोचायचे, औषध नव्हतंच, त्यामुळे बहुतेक दगावायचे. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. आज आपण म्हणू, अडाणी होते. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. घरचा कमावता माणूस कुणीतरी घेऊन जातंय, कुठं नेलं ते सांगत नाही, मागं राहिलेल्यांनी काय खायचं ते सांगत नाही. माणूस बिथरणारच.

मग लोकांनी गावाची वाट धरली. बोटीनं कोकणात, आगगाडीनं घाटावर, कुणी पायी. फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईतली जवळपास निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती. आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्या बोचक्यांबरोबर, रोगही गावोगाव गेला.

गिरण्यांत माणूस उरला नाही तेव्हा मात्र एक नवल घडलं. जे मालक पगार आठवडे न् आठवडे अडकवून ठेवत होते, त्यांचेच लोक आता नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरांना बोली लावू लागले. रोजचा पगार रोज मिळू लागला. वर्षानुवर्षं 'जमत नाही' म्हणून सांगितलेली गोष्ट एका हंगामात जमली. साथ ओसरली, माणसं परतली, आणि पुन्हा महिन्याचा पगार, पुन्हा अडकवणूक. मैत्रिणींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. अडचणीच्या काळात मिळालेली सवलत कागदावर, नियमात आली नाही, तर अडचण संपली की तीही संपते.

आता सरकारनं काय केलं ते बघू. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारनं साथरोगाचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात कायद्याचं नाव. दुसऱ्यात सरकारला साथ रोखायला हवे ते उपाय करण्याचा अधिकार. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात कारवाई करणाऱ्या अंमलदाराला संरक्षण. खर्च आणि नुकसानभरपाई यांचा एक ओझरता उल्लेख आहे, बस. ज्याचा रोजगार बुडेल त्याला मजुरी, ज्याची चूल विझेल त्याला धान्य, बाईमाणसाची अब्रू राखून तपासणी, यातल्या कशाचंही बंधन सरकारवर नाही. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. एकशे तेवीस वर्षांचा जुना कायदा, आणि त्यातही चुलीचं कलम नव्हतंच.

पुण्यात या कायद्याचा अंमल कसा झाला ते तुम्ही शाळेत थोडंफार शिकला असाल. वॉल्टर रँड नावाचा अधिकारी प्लेग समितीचा प्रमुख. गोरे शिपाई घराघरात शिरून झडती घ्यायचे. देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, काही सोडायचे नाहीत. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत, सामान जाळायला. बायकांना उघड्यावर तपासायचे. आगगाडीच्या स्थानकांवरही तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनाच जास्त छळ सोसावा लागला. पैसेवाल्याचा ताप आणि गरिबाचा ताप वेगवेगळ्या नजरेनं बघितला गेला.

याविरुद्ध लिहायला एक बाई पुढे आल्या, पंडिता रमाबाई. मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी पत्रात त्यांनी पत्र लिहिलं आणि पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांना कसं वागवलं जातं, ते उघड केलं. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. मुंबईच्या गव्हर्नरनं आरोप खोटे म्हणून झटकून टाकले. पण एका बाईनं लिहिलं, आणि सरकारला उत्तर द्यावं लागलं.

त्याच दिवसांत दुष्काळही होता, हे विसरू नका. रमाबाईंनी मध्य प्रांतातून दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली आणल्या. प्लेगमुळे त्यांना पुण्यात ठेवायला मनाई झाली. मग बाईंनी केडगावच्या आपल्या शेतावर झोपड्या घातल्या आणि मुलींना तिथं नेलं. आजचं केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. नियम म्हणत होता, इथं ठेवू नका. कुठं ठेवायचं, ते नियम सांगत नव्हता. ते एका बाईनं शोधलं.

रँडच्या जुलमाचा शेवट काय झाला ते आपल्याला ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. ही गोष्ट पुस्तकात ठळक छापलेली असते. तिच्या तीन महिने आधी घडलेली दुसरी गोष्ट मात्र एका ओळीत उरकली जाते. ती मी आज सावकाश सांगणार आहे.

सावित्रीबाई फुले तेव्हा पासष्ट वर्षं ओलांडलेल्या होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत लष्करात डॉक्टर होता. प्लेगच्या काळात पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांनी दवाखाना सुरू केला. जागा बघा, गावाबाहेर, मोकळ्या माळावर. म्हणजे रोगी वेगळा ठेवायचा हे सावित्रीबाईंनाही पटत होतं. त्या काही नियमाच्या विरुद्ध नव्हत्या. फरक एवढाच की त्या शिपाई घेऊन गेल्या नाहीत, स्वतः गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगनं फणफणला होता. त्याला उचलून त्यांनी दवाखान्यात आणलं. त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुढे १९०५ साली यशवंतरावही प्लेगनंच गेले.

आपण दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. पाटी-पुस्तक आठवतो, अंगावर झेललेलं शेण आठवतो. त्यांचं शेवटचं काम मात्र साथीतलं होतं. आणि ते एकाएकी सुचलेलं नव्हतं. त्याच्या वीस वर्षं आधी, १८७७ च्या दुष्काळात, सत्यशोधक समाजानं धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं, त्यात त्या राबल्या होत्या. भुकेल्याला आधी भाकरी आणि आजाऱ्याला हात, हे त्यांना वीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं.

कुणी म्हणेल, एकट्यादुकट्या माणसाचं हे काम झालं. राज्य चालवणाऱ्याला असं जमतं का? जमतं. त्याच वर्षांत कोल्हापुरात शाहू महाराज गादीवर होते. वय जेमतेम बावीस-तेवीस. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, कारण व्यापाऱ्यांनी भाव चढवले होते. हाताला काम मिळावं म्हणून रस्त्यांची, तळ्यांची कामं काढली. आणि त्या कामांवर येणाऱ्या बायकांची लेकरं सांभाळायला शिशुगृहं काढली. तान्ह्या मुलाला झाडाखाली ठेवून खडी फोडणारी आई अर्धं लक्ष मुलाकडे ठेवते, हे राजवाड्यातल्या माणसाला कळलं होतं. पाठोपाठ प्लेग आला, तेव्हा कोल्हापुरातही लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवलं गेलं. बंदी तीच, रोग तोच. पण आधी धान्य आणि काम यांची सोय लावण्याची रीत त्या दरबारानं घालून दिली होती.

इकडे मुंबईत मार्च १८९८ मध्ये विणकरांच्या वस्तीत एका आजारी पोरीला न्यायला माणसं आली आणि दंगल उसळली, गोळीबार झाला. त्यानंतर मात्र सरकारला शहाणपण आलं. सक्तीची झडती हळूहळू सोडून द्यावी लागली. समाजासमाजाच्या इस्पितळांना मोकळीक मिळाली. बळजबरी केली की लोक रोगी लपवतात, आणि लपवलेल्या रोग्यानं साथ वाढते, हे सरकार माणसं गमावून शिकलं.

आणखी एक गंमत आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो हे शास्त्रज्ञांना पक्कं कळायला पुढची दहा वर्षं गेली. पण आपल्या खेड्यातली माणसं उंदीर पडायला लागले की गाव रिकामं करून रानात झोपड्या घालायची. तेच बरोबर होतं. फक्त त्यातही एक मेख होती. ज्याचं रान होतं त्याची झोपडी त्याच्या रानात. ज्याला रानच नव्हतं, त्यानं कुणाच्या बांधावर जायचं?

प्लेगनंतर वीस वर्षांनी, १९१८ साली, मानमोडीची साथ आली. इन्फ्लुएन्झा. त्या साथीत मुंबईत एक हिशोब मांडला गेला, तो ऐका. हजार युरोपियनांमागे आठ माणसं दगावली. हलक्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतल्या हजार माणसांमागे एकसष्ट. विषाणू काही जात विचारून येत नव्हता. पण खोली केवढी, हवा किती, पोटात काय, आजारपणात घरी पडून राहायची ऐपत आहे का, हे सगळं जात आणि गरिबी ठरवत होती. त्याच साथीत आपल्या देशात तरण्याताठ्या बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. का, हे तुम्हाला मी काय सांगू? घरात सगळे आजारी असताना कोण उठतं, आणि शेवटी उरलंसुरलं कोण खातं, ते आपल्याला माहीत आहे.

आता १९७२. ही साथ नव्हती, दुष्काळ होता. पण आपल्या विषयातला सगळ्यात मोठा धडा इथं आहे. तुमच्यातल्या आज्यांना खडी फोडल्याचं आठवत असेल. हातावरचे घट्टे आठवतील, सुकडी आठवेल, मिलोच्या लाल भाकरी आठवतील. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्या रांगा नुसत्या खडी फोडत नव्हत्या, काम मागत होत्या. मोर्चे निघत होते. आणि त्यातून, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेचा कायदा झाला. रोजगार हमीचा कायदा. १९७७ साली मंजूर, २६ जानेवारी १९७९ पासून लागू.

त्यात तीन गोष्टी होत्या. एक, काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. दोन, कामाच्या जागी प्यायचं पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर. शाहू महाराजांची शिशुगृहं आठवली ना? तीन, पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. म्हणजे मुंबईतल्या साहेबाच्या पगारातून बीडच्या बाईची मजुरी. हे दान नव्हतं. तो हक्क होता. १८९६ च्या गिरणी कामगारांची सवलत विरून गेली, आणि १९७२ च्या मजुरांची टिकली, कारण ती कायद्यात आली.

आता पुन्हा २०२० कडे येऊ. बंदी लागल्यावर दोन दिवसांनी केंद्र सरकारनं मदत जाहीर केली. अन्न सुरक्षा योजनेतल्या रेशन कार्डावरच्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य फुकट, घरटी १ किलो डाळ. बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये. उज्ज्वलाचे तीन सिलिंडर. रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात २०६ वरून २३८ रुपये झाली. आपल्या राज्यानं शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली, आणि कितीतरी ठिकाणी ती थाळी बचत गटाच्या बायकांनीच रांधली. या सगळ्यानं जीव वाचले, हे मान्य केलं पाहिजे. १८९७ साली यातलं काही नव्हतं.

मग माणसं चालत का निघाली? कारण ही मदत कार्डाच्या गावी होती आणि माणूस परगावी होता. कार्ड बिहारात, माणूस भिवंडीत. कार्ड बीडला, माणूस कोल्हापूरच्या फडात. २९ मार्चला सरकारनं आदेश काढला, की बंदीच्या काळात मालकांनी पूर्ण पगार द्यावा, घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. ऐकायला चांगलं. पण पैसा कुणी घालायचा, हे नव्हतंच. मे महिन्यात तो आदेश गेला. श्रमिक रेल्वे सुटायला १ मे उजाडला. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळारुळानं चालत निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. दमून रुळावरच झोपले होते. त्यांच्या भाकरी रुळावर विखुरलेल्या आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. १८९७ चा प्रश्न १२३ वर्षांनी तिथं पडलेला होता.

ऊसतोड कामगारांचंही तसंच. कारखाने बंद होत आले, घरी जायचं तर जिल्ह्याच्या सीमा बंद. फडात कोपीत राहायचं, पाणी लांब, दुकान बंद, पोटुशी बाई बरोबर. एप्रिलच्या मध्यावर तपासणी करून घरी जायला परवानगी मिळाली. गावी आले तर काही ठिकाणी वेशीवर काट्या टाकलेल्या. आपल्याच माणसांना आपण रोगासारखं वागवलं. हे दुखतं, पण बोललं पाहिजे.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, राज्य सरकारनं बंदीबरोबरच मदत जाहीर केली, हे चांगलं झालं. बांधकाम मजूर, घरकामगार, रिक्षावाले, फेरीवाले यांना प्रत्येकी १५०० रुपये. पण अट होती, नोंदणी झालेली हवी. घरकामगारांचं मंडळ करणारा कायदा आपल्या राज्यात २००८ पासून आहे. तरी शहरात धुणंभांडी करणाऱ्या कितीतरी बायकांनी नोंदणी केलेलीच नव्हती, कारण कुणी सांगितलं नव्हतं, किंवा एक दिवसाचा रोज बुडवून खेटे घालणं परवडलं नव्हतं. यादीत नाव नाही, म्हणून पैसे नाहीत.

इथं मला वाटतं खरा मुद्दा हाताला लागतो. १८९७ च्या कायद्यात गरिबासाठी मदतच नव्हती. २०२० साली मदत होती, पण यादीत नाव असलेल्यांसाठी. आणि यादीतून कोण निसटतं? लग्न होऊन आलेली सून. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डात चढलेलं नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई, तिचं नाव अजून त्याच्या कार्डात, आणि धान्य तिकडं. परगावी राबणारी जोडपी. पालावर राहणारे. ज्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही अशा म्हाताऱ्या. साथ आल्यावर ही नावं चढवायला वेळ नसतो. साथीच्या आधीच चढवावी लागतात.

दुसऱ्या राज्यांकडूनही शिकावं. केरळात कुटुंबश्री नावाचं बायकांच्या गटांचं मोठं जाळं आहे. बंदी लागताच काही दिवसांत त्यांनी पंचायतींबरोबर गावोगाव सामूहिक स्वयंपाकघरं सुरू केली. एवढ्या लवकर कसं जमलं? गट आधीपासून होते, पंचायतीशी जोडलेले होते, आणि कुणाच्या घरी चूल पेटत नाही हे त्या बायकांना ठाऊक होतं. आपल्याकडेही गट आहेत. ते ठाऊक आपल्यालाही असतं. फक्त ते लिहून ठेवलेलं नसतं.

आणि एक उपकार विसरायचा नाही. आपल्या आशाताई. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार. दारोदार फिरल्या, शिव्या खाल्ल्या, घरी येऊन वेगळ्या खोलीत झोपल्या, खोली नसेल तर ओट्यावर. जून २०२१ मध्ये त्यांना रास्त मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. टाळ्या आणि थाळ्या वाजवून कुणाचं पोट भरत नाही. सावित्रीबाईंचं शेवटचं काम आज कोण करतंय, असं कुणी विचारलं, तर आपल्या गल्लीतल्या आशाताईकडे बोट दाखवा. आणि तिच्या मागण्यांच्या वेळी तिच्या बाजूला उभ्या राहा.

तर मैत्रिणींनो, आता पुढच्या बैठकीत करायचं काय?

एक वही घाला. गटातल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचं पान. रेशन कार्ड आहे का, कुणाकुणाची नावं आहेत, कुणाचं राहिलंय. बाईच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं चालू आहे का. रोजगार हमीचं जॉब कार्ड आहे का. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी झाली का. शहरात घरकाम करणारी, बांधकामावर जाणारी आपली लेक-सून मंडळात नोंदलेली आहे का. ज्याचं नाव राहिलं असेल, त्याच्याबरोबर गटातली एक जण तहसीलला जाईल. एकटीला परत पाठवतात, चौघींना पाठवत नाहीत.

दुसरं, हंगामाला बाहेर जाणाऱ्यांची यादी. कोण कुठल्या कारखान्याला, कुठल्या वीटभट्टीला गेलं, मुकादम कोण, फोन कुठला. वाट अडली तर कुणाला फोन करायचा ते त्यांना आणि आपल्याला माहीत हवं.

तिसरं, ग्रामसभा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात कागदावर असते. तिच्यावर कोण आहे ते विचारा. गटाची बाई तिच्यावर असू द्या. आणि ठराव करून घ्या, की गावावर बंदी आली, तर पहिल्याच दिवशी एकट्या म्हाताऱ्या, विधवा, भूमिहीन घरं आणि गावात आलेले परके मजूर यांच्या जेवणाची सोय कोण बघेल. परके मजूर हा शब्द मुद्दाम घातलाय. आपला माणूस जिथं जातो, तिथं तो परकाच असतो.

साथ पुन्हा येईल का? माणसाच्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा आली आहे. रोगी वेगळा ठेवावा लागेल, बाजार बंद करावे लागतील, तेही कधी कधी बरोबर असेल. सावित्रीबाईंनीही दवाखाना गावाबाहेरच मांडला होता. पण ज्यानं दार बंद करायचा हुकूम काढला, त्यानं चुलीची जबाबदारी घेतली पाहिजे, हे आपण म्हणत राहायचं. आणि म्हणताना आपली वही हातात असू द्यायची. नुसतं 'गरिबांचे हाल झाले' म्हटलं तर साहेब मान डोलावतो. 'आमच्या गावात सतरा घरांची नावं कार्डात नाहीत, ही घ्या यादी' म्हटलं, की त्याला पेन काढावं लागतं.

तुमच्या गावात १९७२ ची खडी फोडलेली, नाहीतर आपल्या आजीकडून प्लेगच्या झोपड्यांच्या गोष्टी ऐकलेली कुणी म्हातारी असेल, तर तिला पुढच्या बैठकीत बोलवा. तिला बोलू द्या. कुणीतरी लिहून घ्या. आपला इतिहास असाच राहील, नाहीतर तोही यादीतून निसटेल.